मोएल गेड्रिसवरची रास

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! घर चिमुकलं, पण खिडकीतून मोएल गेड्रिस डोंगराचा माथा दिसतो आणि माथ्यावरची ती दगडांची रासही. चार हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी तिथे पुरलं. आजपासून त्या थडग्याची सरकारी राखणदार मी, मेरेरिड प्यू. शेजारच्या मेंढपाळ एल्यूनेडबाईंनी मनुकांचा पाव आणून दिला, वर बोटभर लोणी. झकास!

५ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. डोंगर चढणाऱ्यांनी राशीच्या मधोमध खड्डा केलाय. कशाला, तर वाऱ्याच्या आडोशाला बसून सँडविच खायला! इथला एक दगड हलवणंही गुन्हा आहे. खड्डा बुजवायची लेखी परवानगी माझ्याकडे होतीच. दिवसभर खपून बुजवला. हात सोलवटले.

८ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा उकरलाय. एल्यूनेडबाई म्हणाल्या, "राहू दे गं पोरी उघडं. माझ्या बापाने एकदा बुजवलं होतं. नंतर मरेपर्यंत वर पाऊल टाकलं नाही त्याने." मी ताडकन म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच लोक सोकावतात!" त्यांनी दार लावून घेतलं. परत जाऊन बुजवला.

११ फेब्रुवारी
बर्फाने रस्ता तीन दिवस बंद. तरी खड्डा उघडा. बर्फावर पावलं फक्त माझी. दगड मात्र ताज्या बर्फावर चहूकडे पडलेत, आतून भिरकावल्यासारखे. फोटो पाठवले. कार्यालयाचं उत्तर: हवामानाने झालेली झीज, प्रकरण बंद. झीज! खुर्चीत बसून झीज दिसते यांना!

१२ फेब्रुवारी, दुपारी दोन
पुरावा हवाय ना? खड्ड्यात उतरून फोटो काढतेय. वर धुकं दाटलंय. इथे खाली उबदार आहे. माणूस आडवा मावेल एवढी जागा. माझ्याएवढा.

काठावरचा दगड सरकला. वारा नाही.

अजून एक. ओरडले, "कोण आहे रे? नाव सांग, गुन्हा दाखल करते!"

जे कोण आहे ते दगड फेकत नाहीये. फिरवून, फटीत बरोबर बसवतंय— मला वर चढता येत नाही— हात लावला की दगड वरून परत दाबतं—

अरे, तुझंच थडगं राखायला आले होते मी! तुझंच! तुला कळत कसं नाही—

उजेड तळहाताएवढा उरलाय. त्यावर आता—