बोक्याची सही

४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच कान देऊन बसलेले असतात, म्हणून लिहिते. आम्ही दोघं ठीक. दुकानात काम भरपूर आहे. दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासते आणि घरी येऊन स्वतःचा चष्मा शोधत बसते.

रविवारी सकाळी एक गृहस्थ आले. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. गोलकीपरचं घर हेच का, असं त्यांनी दारातूनच विचारलं. बाबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आपल्या बोक्यासारखा भाऊ जाऊन दीड वर्ष होईल, पण तो खेळाडू होता म्हणून त्याला विचारत या घरात आजवर कोणी आलेलं नव्हतं. अपघातानंतर आले ते सगळे अपघाताचंच विचारायला.

बिस्किटांच्या पुड्यात संघातल्या खेळाडूंची कार्डं निघायची, आठवतं ना? मास्तर ती जमवतात. त्यांच्याकडून कळलं की संघाची गाडी दरीत गेली त्याच आठवड्यात कंपनीने बोक्याचं कार्ड पुड्यांतून काढून घेतलं. मेलेल्या माणसाचा फोटो पोरांच्या हातात कसा द्यायचा, म्हणून. त्यामुळे त्याची कार्डं फारच थोडी बाहेर आली. त्यातली बरीचशी पोरांनी खिशात चुरगळली. ज्याचे चारी कोपरे टोकदार आहेत आणि छपाई एका बाजूला सरकलेली नाही, असं कार्ड आता लोक शोधत फिरतात. मुख्य गोलकीपरच्या कार्डाला कोणी विचारत नाही आणि आपल्या बाकावर बसणाऱ्या बोक्याचं कार्ड म्हणे काचेच्या कपाटात ठेवतात!

बाबा किती दिवसांनी बोलले, ताई. बोका भिंतीवरून उडी मारून शेजाऱ्यांचा चेंडू कसा पकडायचा, तेव्हापासूनचं सगळं सांगितलं. मास्तरांना तीनदा चहा पाजला. निघताना मास्तरांनी विचारलं, सही केलेलं एखादं कार्ड आहे का? सही असेल तर मग बोलायलाच नको. बाबा म्हणाले, बघतो.

दाजींना नमस्कार. आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
मुंगी


१५ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं पत्र औषधांच्या खिडकीवर बसूनच वाचलं. समोर रांग होती आणि मी एका आजोबांना चुकीची बाटली देता देता राहिले. अशी पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर धाडत जाऊ नकोस.

मला त्या मास्तरांचा राग आला. माणूस चांगला असेल, पण तो नक्की काय म्हणाला ते नीट बघ. बोका जिवंत असता तर ते कार्ड रद्दीत गेलं असतं. तो मेला म्हणून ते हवंहवंसं झालं. सही तर त्याहून, कारण आता तो आणखी करणार नाही. असल्या लोकांना घरात घेऊ नये असं मला वाटतं. पण बाबा तीन कप चहा करायला उठले हेही वाचलं. आई गेल्यावरही ते इतके मिटले नव्हते.

ते जेवतात का? पाट्या रंगवायचं काम पुन्हा मिळतंय का, की सगळे छापील बोर्डच लावतात? कळव. अंगावर काढत जाऊ नकोस, आणि मला विसरू नकोस.
तुझी,
ताई


२० मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण घरात माणसांची ये-जा सुरू झाली आहे. मास्तरांनी आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. बोक्याला कंपनीकडून त्याच्याच कार्डांचं एक बंडल मिळालं होतं. ते त्याच्या ट्रंकेत सापडलं. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर त्याने सही करून ठेवली होती म्हणे. बाबा आलेल्याला एक कार्ड देतात. पैसे घेत नाहीत. एकाने पाकीट काढलं तर इतके संतापले की तो चपला विसरून निघाला होता. अट एकच, बसायचं आणि बोक्याबद्दल ऐकायचं. बिचारे बसतात. एक बाई तर दोन तास बसल्या आणि शेवटी रडल्या.

बाबा आता रोज दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालतात. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून परवा माझ्यावर खेकसले, तेव्हा मला इतका आनंद झाला! कामं मात्र नाहीत. सगळीकडे छापील बोर्ड आले आहेत. ब्रश धुऊन ठेवलेत.

आहेस तशीच प्रेमळ राहा.
तुझी,
मुंगी


२ जून

चि. मुंगीस,
अ. आ.

बाबा खेकसले हे वाचून मीही हसले. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

कार्ड छापून आलं तेव्हा बोका माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, माझ्या कार्डावर सही कर. तर कान लाल झाले त्याचे. आधी दहा सामने खेळू दे, मग करतो, आत्ता सही केली तर लोक हसतील, असं म्हणाला. यांनीही गळ घातली, तरी केली नाही. सख्ख्या बहिणीला नाही म्हणणारा पोरगा बंडलभर कार्डांवर सह्या करून ट्रंकेत ठेवेल?

सह्या करताना त्याला तू पाहिलं होतंस का? मला खरं काय ते लिही. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.
तुझी,
ताई


१४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी ते तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तू विचारलंस ते मला कधीच सुचलं नाही, असं नाही. सुचू दिलं नाही.

शनिवारी दुकान दुपारीच बंद झालं. घरी आले तर बाबा खिडकीपाशी बसले होते. समोर बोक्याची जुनी वही उघडी, हातात पेन. कार्डांवर सह्या चालल्या होत्या. मला बघून दचकले नाहीत. सही पुरी केली, फुंकर मारून वाळवली आणि मग मान वर केली.

मी विचारलं, बाबा, हे काय? तर म्हणाले की त्याचा हात धरून अक्षरं मीच गिरवून घेतली. त्याचा हात म्हणजे माझाच हात. यात खोटं काय आहे? मग म्हणाले, सही नसेल तर कोण येणार इथे? तू दिवसभर दुकानात असतेस.

ताई, मी चहा ठेवला.

पण आता भीती वाटते. वीसेक कार्डं गेली आहेत. लोक ती एका कंपनीकडे तपासायला धाडतात. तिथे दहापैकी गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. मग ते हजारो मैलांवरही विकलं जातं. बाबा फुकट देतात, पण पुढे ते फुकट राहत नाही. मी काय करू?

तुझी,
मुंगी


२१ जून

चि. मुंगीस,
अ. आ.

तू स्वतः मास्तरांकडे जा. आजच जा. दुसऱ्या कुणी ओळखण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. म्हातारा माणूस आहे, मुलगा गेलाय, लोक समजून घेतील. बाबा तुझ्यावर चिडतील, चिडू देत. मी रजा मागितली आहे, पण दवाखान्यात आमच्यातल्या दोघी आजारी आहेत, सोडत नाहीत.

फार लिहीत नाही. आधी जा.
तुझी,
ताई


१० जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. मी मास्तरांच्या दारात पोचले तेव्हा सह्या तपासणाऱ्या कंपनीचा निकाल त्यांच्या हातातच होता. चार जणांची कार्डं एकदम गेली होती. चारही सह्यांची शाई अलीकडची निघाली. मास्तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, मी तुमच्या वडिलांजवळ बसून जेवलो होतो.

पेपरात आलं. मेलेल्या मुलाच्या नावाने बापाचा धंदा, असं. आमच्या फाटकावर कुणीतरी डांबर ओतलं. बाबांनी पैसे घेतले नव्हते हे कुणाला खरं वाटत नाही. मी दुकानात शिरले की सगळे गप्प होतात.

पण याहून वाईट पुढेच आहे. काल मामी आल्या होत्या. म्हणजे आपल्या नात्यातल्या नव्हेत, संघाची गाडी चालवायचे त्या ड्रायव्हरमामांची बायको. त्याच अपघातात मामाही गेले, आणि चौकशीत सगळा ठपका त्यांच्यावरच आला, की चालवताना डुलकी लागली, आणि खेळाडू आधीपासून त्यांच्या गाडीत बसायला घाबरायचे. मामींनी त्यावर अपील केलं आहे. त्यांच्याकडे बोक्याचं एक कार्ड आहे. अपघाताच्या आदल्या आठवड्यात त्याने मामांना दिलेलं. मागे लिहिलंय, ‘मामा चालवतात म्हणून मी गाडीत निवांत झोपतो,’ आणि खाली सही. अपिलाच्या साहेबांनी सांगितलं होतं, सही तपासून आणा. मामींनी कार्ड धाडलं आणि आपलं प्रकरण बाहेर आलं. आता त्यावर संशयास्पद असा शेरा मारून ते परत आलंय.

मामींनी ते बाबांच्या मांडीवर ठेवलं.  बाबांनी सहीवरून बोट फिरवलं. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं, मधलं एक अर्धवट. बाबा पुटपुटले की हे अक्षर त्याला कधी जमलंच नाही, आणि मी विसरलो. ते इतके दिवस बोक्याची सही करत नव्हते गं. स्वतः शिकवलेलं अक्षर काढत होते, सुरेख.

मामी म्हणाल्या, हे खरं आहे असं तिथे येऊन सांगा. बाबा म्हणाले, येतो.

तुझी,
मुंगी


१८ जुलै

चि. मुंगीस,
अ. आ.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. दहा सामन्यांची लाज धरणाऱ्या आपल्या पोराने मामांसाठी मात्र आपणहून सही केली. म्हणजे किती जीव असेल त्याचा मामांवर!

बाबांना एकटं पाठवू नकोस. त्यांना सगळं कबूल करू दे, मोजून एकेक. खोटं कुठलं ते उघडपणे सांगितलं, तर खरं कुठलं हे तरी लोक ऐकतील.

मामींना माझा नमस्कार सांग. सांगवत नसेल तर राहू दे.
तुझी,
ताई


९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही गेलो होतो. मी दुकानातून रजा काढली.

बाबांनी सगळं कबूल केलं. साहेबांनी विचारलं की ती बाकीची कार्डंही खरी आहेत असं तुम्हीच लोकांना सांगत होतात ना? बाबा हो म्हणाले. मग त्यांनी कागद मागितला, सगळ्यांसमोर बोक्याची सही करून दाखवली आणि मामींच्या कार्डाशेजारी ठेवली. म्हणाले, बघा, माझं अक्षर वळणदार आहे, त्याचं नाही. साहेबांनी दोन्ही उचलून पाहिलं. वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले की ज्याला इतकं चांगलं लिहिता येतं त्याला वाईटही लिहिता येईल. 

अपील फेटाळलं. मामी कार्ड उचलून निघून गेल्या. बाबा त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

यानंतर आमच्याकडे कोणीच फिरकलं नाही. बाबांनी दाढी करणं सोडलं. आणि काल मास्तर आले. मला वाटलं, माणूस विरघळला. बसले, घसा खाकरला, म्हणाले की पेपरात आल्यापासून लोक ती कार्डं शोधत आहेत. बापाने केलेल्या मुलाच्या सह्या, अशी त्यांची ख्याती झाली आहे. खऱ्या कार्डांपेक्षाही मागणी जास्त. बंडलातली उरलेली असतील तर बाबांनी त्यांवरही सही करावी.

बाबांनी शांतपणे विचारलं, मामींच्या कार्डाला कोणी विचारतं का? मास्तर म्हणाले, नाही, ते संशयास्पद आहे, त्याला कोण हात लावणार? तुमची निदान नक्की खोटी आहेत.

बाबा उठले नाहीत. मीच मास्तरांना दारापर्यंत सोडलं आणि कडी लावली. परत आले तर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि लहान मूल विचारतं तसं विचारलं, मुंगे, मी मेलो की ही आणखी महाग होतील का गं?

ताई, मी उरलेलं बंडल न्हाणीघरातल्या बादलीत बुडवलं. फोटोवरचे रंग पाण्यात उतरेपर्यंत तिथेच उभी राहिले. पण लोकांकडे गेलेली वीसेक बाहेर आहेतच, आणि ती कुणीतरी फार जपून ठेवणार.

आता रजा मिळो न मिळो, तू ये. मी दुकानात जाते तेव्हा ते घरात एकटे असतात.
वाट बघणारी तुझी,
मुंगी