मातीसकट

७ एप्रिल १९८३
बडोद्याला पोचले. जळगावपासून गाडीत बसायला जागा मिळाली नाही, पण तरसालीचा हा बंगला पाहिला आणि शीण पळाला. काम सोपं आहे: जयवंतराव साहेबांची शुश्रूषा. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळ्यांना मात्र सगळं कळतं. त्यांच्या पत्नी निरुपमाबाईंनी दारातच हातावर लीलो चेवडो, इथला तो बटाट्याचा ओलसर चिवडा, ठेवला, "मजामां ने?" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. इथं मराठी बोलता बोलता गुजराती कधी येते ते कळत नाही म्हणे. मला वेगळी खोली आहे, पंखासुद्धा. खिडकीतून बाग दिसते. साहेबांचा रोपांचा मोठा धंदा होता; परदेशी ताड अजून ओळीने उभे आहेत. आईला उद्या पत्र टाकते. नशीब काढलं तुझ्या कांचनने.

११ एप्रिल
एवढी हिरवी बाग, पण पाखरू नाही. भिंतीवर पाल नाही. आहेत त्या फक्त मुंग्या: पिवळट, लांब पायांच्या, वाट चुकल्यासारख्या सैरावैरा पळणाऱ्या. चावत नाहीत. चिरडली की आंबट वास येतो. बाई रोज दुपारी कुंड्यांखालच्या ताटल्यांत गुळाचं पाणी ओततात. कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांनीच आणल्यात. ह्यांच्या घरात उपाशी कशा ठेवू?" मला वाटलं, गंमत करताहेत.

१५ एप्रिल
बाई ओळखीच्यांना कुंड्या भेट देतात. आज मी दोन पोचवल्या. एक लहरीपुऱ्यात, साहेबांचे जुने मुनीम दत्तात्रेय यांच्याकडे. दुसरी दांडिया बाजारात, साहेबांचे धाकटे भाऊ लक्ष्मीकांत डॉक्टर यांच्या घरी. त्यांची सून सुनेत्रा फार गोड आहे. पानं सुंदर म्हणून तिने कुंडी तान्ह्या लेकीच्या पाळण्याशेजारीच ठेवली. मला सरबत दिलं. परत आल्यावर बाईंनी बारकाईने विचारलं: कुंडी कुठं ठेवली? कोण घरात होतं? पाळण्याचं ऐकून त्या उठून गुळाचं पाणी कालवायला गेल्या.

१९ एप्रिल
साहेबांच्या उशीवर मुंग्या. झटकल्या तर बाई रागावल्या. शिरा भरवून झाल्यावर त्यांचं तोंड पुसायला गेले तर म्हणाल्या, राहू दे. साहेब माझा पदर डाव्या हाताने धरून ठेवतात. सोडतच नाहीत.

२० एप्रिल
आज रात्री बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांसमोरच, त्यांच्या पायांना तेल लावता लावता.

बासष्ट साली साहेबांनी दूरच्या बेटावरून ताड आणले. मुळांची माती धुऊन आणायचा नियम होता. धुतली तर रोपं मरतात, म्हणून फर्निचरच्या खोक्यांत लपवून, मातीसकट आणली. मातीत ह्या मुंग्या होत्या. बाईंची प्रेमला तेव्हा पाळण्यात होती. दुपारी व्हरांड्यात झोपली होती. बाई न्हाऊन आल्या तोवर मुंग्यांनी तिच्या डोळ्यांत, नाकात त्यांचं ते आम्ल फवारलं होतं. दोन्ही डोळे गेले. मग पोर गेली.

मुंग्यांचं नाव काढलंस तर धंदा बुडेल, साहेबांनी दटावलं. डॉक्टर दिरांनी कागदावर ताप लिहिला. मुनीम गाडी भरभरून तीच रोपं गावोगाव पाठवत राहिले. बाई गप्प राहिल्या. साहेब अंथरुणाला खिळेपर्यंत.

मी ओरडले, की सुनेत्राच्या तान्ह्या पोरीने काय केलंय?

बाई तेल लावायच्या थांबल्या नाहीत. "माझ्या पोरीने काय केलं होतं?"

२१ एप्रिल
सकाळीच रिक्षाने दांडिया बाजार. उशीर झाला होता. पाळण्याच्या दोऱ्यांवरून पिवळी रांग. पोरीचे डोळे सुजून बंद, रडण्याचाही आवाज बसलेला. मी कुंडी रस्त्यात नेऊन फोडली, डोळे धुतले, सुनेत्राला सगळं सांगू लागले—

डॉक्टरांनी मला बाजूला ओढलं. वहिनीचं डोकं फिरलंय म्हणाले. बोललीस तर जुनं सगळं वर येईल, घराण्याची अब्रू जाईल. मग सुनेकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "डोळे आलेत पोरीचे. उन्हाळ्यात येतातच."

सख्खी नात! स्वतःची सख्खी नात!

मी डॉक्टरांना न जुमानता सुनेत्राला सांगितलं. तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि ती पोरीला घेऊन तशीच इस्पितळाकडे धावली. परतताना मी लहरीपुऱ्यात मुनीमांकडची कुंडीही फोडली.

२३ एप्रिल
सुनेत्राचा निरोप आला. पोर जगेल. उजवा डोळा राहील. डावा नाही.

बाईंना सांगितलं. त्या देवघरात जाऊन बसल्या. रडल्या की नाही, कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की आता आणखी कुंड्या पाठवायच्या नाहीत. आता घरचंच राहिलंय.

मला जळगावला जायचं आहे. बॅग भरली. पण साहेबांना टाकून—

२४ एप्रिल
रात्रभर तेच ऐकू येतंय. डोळे आलेत. उन्हाळ्यात येतातच. इतक्या सहज. वीस वर्षांपूर्वी व्हरांड्यात साहेबांनी असंच—

औषध घेताना साहेबांनी माझा पदर धरला, तो मी हिसकून घेतला. भीतीने नव्हे.

२५ एप्रिल, दुपार
बाईंनी माणसं बोलावून साहेबांची खाट व्हरांड्यात हलवली. ताडांच्या अगदी कडेला. तोंडाला शिरा तसाच. मी धावले. खाट एकटीला ओढता येते, चाकं आहेत.

बाई झोपाळ्यावर. म्हणाल्या, "ने ना आत. मी नाही अडवत तुला."

खरंच अडवत नाहीत.

मुंग्या खाटेच्या पायावर चढल्या. साहेब माझ्याकडे बघताहेत. डावा हात माझ्या दिशेने—

मी पायरीवर बसले. वही मांडीवर. का बसले?

उशीवर आल्या. बाई झोका घेताहेत, डोळे मिटून. आंबट वास. सुनेत्राच्या पोरीचा तो डोळा—

गालावर. आता उठायला हवं. उठते. उठतेच आहे, फक्त एवढं वाक्य पुरं