अथेन्सला भरलेली ओटी

आई, सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल, सांग बरं? माझ्या वन्सं! चारला या म्हटलं होतं, तर तीनलाच बेल. "वहिनी, ग्रीस बघून आलात म्हणे, आता आमच्याशी बोलाल ना?" असं म्हणत कोटसुद्धा न काढता सोफ्यावर. मागोमाग इथल्या, लेस्टरच्या, आमच्या मराठी मंडळातल्या चौघीजणी. सगळ्यांना फोटो बघायचे होते. आणि खोटं कशाला बोलू, मीही फुगून बसले होते. चौथी शिकलेली बाई अथेन्स बघून आली गं!

नेलं नातीनं. ती युनिव्हर्सिटीत जुन्या देवळांचंच शिकते. ईस्टरच्या सुट्टीत म्हणाली, "आजी, डोंगरावर देवीचा मोठा टेंपल आहे, तू येणार." आता देवी म्हटल्यावर रिकाम्या हातानं कशी जाऊ? खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकवाची कुयरी, सगळं पिशवीत घेतलं. हे गेल्यापासून मी कुणाची ओटी भरलेली नाही, रीतच ती. म्हटलं, नातीच्या हातून भरवू.

पातळाखाली नातीचे ट्रेनर घालून चढले बघ. संगमरवर इतका गुळगुळीत की भलेभले गोरे घसरत होते, मी नाही! वर हे केवढाले खांब, निम्म्यांना परांची बांधलेली, खाली पांढरं शहर पसरलेलं आणि त्यापलीकडे समुद्र. पण देवळात बघते तर देवीच नाही. नातीनं एका दगडावर खण पसरला मात्र, शिट्टी वाजली. काळ्या स्वेटरातली राखणदार बाई धावत आली, "नो, नो!" नातीनं तिला इंग्रजीतून समजावलं. तशी ती हसली नि म्हणाली, देवी घर सोडून गेली त्याला युगं झाली.

आता आली का पंचाईत! देवीसाठी आणलेली ओटी परत कशी न्यायची? मी म्हटलं, "हिचीच भर." नात तिच्याशी थोडं बोलली आणि माझ्या कानाशी लागली, "आजी, तिचा हजबंड गेलाय. म्हणून ब्लॅक घालते. आपल्यात असं चालत नाही ना?"

आणि मला तू दिसलीस. बाबा जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू आहे, तू मागच्या पडवीत त्यांच्यासाठी आंब्याची डाळ वाटतेयस, आणि बायका नटूनथटून पुढच्या दारानं येतायत. मी तुला ओढतेय, तर तू केवढ्यानं ओरडतेस, "सोड पदर! माझं काय काम तिथं?" डाळ मात्र चालायची त्यांना तुझ्या हातची.

मी नातीच्या हातातून खण काढून घेतला. "सांग तिला, स्वेटर पुढं धर म्हणावं." भरली ओटी, माझ्या हातानं. कुंकू लावलं. तर त्या बाईनं काय करावं? कुयरीत बोट बुडवलं नि माझ्या कपाळावर टेकवलं. तिला वाटलं असेल, अशीच पद्धत आहे. नातीनं नेमका तेव्हाच फोटो काढला. मी ते पुसलं नाही, आई. तशीच, ताठ मानेनं, सगळा डोंगर उतरले.

तर काल फोटो बघताना नेमका तो आला नि सगळ्या पुढं वाकल्या. वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचे यजमानही गेल्या दिवाळीच्या सुमारास गेले. आता ऐकवणार चार शब्द, म्हणून मी तयारीतच. तर म्हणतात कशा, "परक्या बाईची ओटी भरलीत, वहिनी. आणि आमची?"

मग काय, मीही बोलून गेले. म्हटलं, माझ्याकडे हळदीकुंकू करते; ज्यांचे यजमान आहेत त्यांनी या, ज्यांचे गेले त्यांनी आधी या. मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वन्संच म्हणाल्या, "बघता काय? मी तर येणार."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला ठाऊक नाही, राहील माझ्यापाशीच. पण तुला म्हणून सांगते, वन्सं तसं म्हणेपर्यंत मी बोललेलं परत घ्यायच्या बेतात होते. आता सगळ्या कबूल झाल्यात. येत्या शनिवारी येतायत.