न उकळलेली साल

लोणावळे, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९३६

आज जांभळाचं चित्र रावसाहेबांच्या बंगल्यावर पोचवलं. झाडाचं चित्र मी त्याच झाडाच्या सालीचं करतो, आणि साल आधी कडुनिंबाच्या पाण्यात उकळून घेतो. ही उकळली नाही.

मोटार वळवायला जागा हवी म्हणून त्यांनी जांभूळ तोडलं. हात लावणार नाही, असा मला शब्द दिला होता. वर म्हणतात, "मास्तर, आठवण म्हणून भिंतीवर राहू दे." आठवण म्हणे.

साल काढून देणारे लोहगडवाडीचे धोंडीआबा बजावून गेले होते, "मास्तर, हिच्यात भुंगा हाय. घरात ठिवू नगा, समदं लाकूड खाईल." मी म्हटलं, आबा, मला हीच हवी.

पाप आहे का हे? असेल. दिवाणखान्यातला पियानो रावसाहेबांच्या बाईसाहेबांचा, आणि त्यांनी मला कधी दुखवलेलं नाही. तरी चित्राची जागा मीच सुचवली. पियानोच्या अगदी वर, उजेड चांगला पडतो म्हणून.

रावसाहेबांनी सालीला नाक लावलं आणि म्हणाले, "अजून झाडाचा वास येतो हो."

कान लावला असता, तर कुरतडणंही ऐकू आलं असतं.