गणपतीच्या भिंतीला फळ्या की कागद

१२ जुलै
संदेशने आज फोनवर दोन भिंती दाखवल्या. एक लाकडी फळ्यांची, एक खरखरीत कागदाची. सालातली (तो हॉल म्हणतो) एकच भिंत वेगळी करायची, आता सगळे करतात म्हणे. कुठली ते विचारायला नको. गणपती बसतो ती. चतुर्थीच्या आत व्हायला हवी. "आई, तू सांग काय ता." म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे माझ्या लेकाला चांगलं ठाऊक.

१५ जुलै
ती भिंत ह्यांची. एरवी पेडणे-म्हापसा बसवर कंडक्टर, पण श्रावण लागला की तिकिटांचा हात रंगात. चतुर्थीला दर वर्षी भिंतीवर नवं चित्र. गेल्या वर्षी कैलास. शंकर-पार्वती झाली, नंदी नुसता कोळशाच्या रेषेत, आणि शिडीवरून उतरता उतरता ह्यांच्या अंगाची उजवी बाजू लुळी पडली. गणपती तशाच भिंतीपुढे बसवला. तेव्हापासून मी तिच्यावर केरसुणीही फिरवत नाही. हे दिवसभर समोरच्या खुर्चीत.

१९ जुलै
विठू मेस्त (सुतार) माप घेऊन गेला. श्वेताने (सून) कागदाचा नमुना हातात दिला. गोणपाटासारखा लागतो, दिसायला बरा, खोटं कशाला बोलू. मेस्त म्हणाला, "वयनी, कागदाक भिंत घासून पुट्टी मारूक व्हयी. ओल असली तर फुगतलो. फळ्यांक तसा नाय. पट्ट्यो ठोकून वर फळ्यो. आतली भिंत असा तशी रवता."

शेवटचं ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हटलं, फळ्या.

श्वे. म्हणते, खिडकी एकच, फळ्यांनी काळोख होईल. तिचंही खरं.

२४ जुलै
घरभर फळ्या-कागद, कागद-फळ्या. भिंतीच्या धन्याला कोणी विचारत नाही. मीसुद्धा नाही. त्यांच्या जिवाला लागेल म्हणून.

२८ जुलै
विचारलं. पेज भरवताना.

"कागद लाय."

घासावी लागेल म्हटलं.

"घासूंदे."

फळ्या लावल्या तर चित्र आत राहील, म्हटलं. वाटलं, बरं वाटेल त्यांना. चिडले. आजारपणानंतर एवढं सलग प्रथमच बोलले. अडखळत, पण सगळं. "दर वर्सा मीच चुनो मारून पुसलंय. तेव्हा कधी रडलंस तू? ह्याच कित्याक राखतंस? वर्सभर माझ्या डोळ्यांम्होरं ठेवलंस ता."

पेज अर्धी राहिली.

२९ जुलै
खरंच आहे. चुन्याची बादली मीच कालवून द्यायचे. मोर गेले, समुद्रमंथन गेलं, एकदा तर अख्खी द्वारका गेली. एकाचंही सुतक पाळलं नाही मी. पुढचं येणार होतं ना.

वर्षभर वाटत होतं, त्यांच्यासाठी जपतेय. आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ, आपला हात कुठे थांबला तेच बघत बसलेले. साधी खुर्ची फिरवायचं मला सुचलं नाही. लाज वाटते.

१ ऑगस्ट
खुर्ची खिडकीकडे केली. रस्ता दिसतो. दुपारी म्हणाले, "मोपाच्या विमानतळाक जातत त्यो टॅक्सी काय भरधाव धावडायतत गो." कंडक्टर जागा झाला. मी आत जाऊन डोळे पुसले.

सं.ला सांगितलं, बाबा कागद म्हणतात. "मग झाला." म्हटलं, बघू. तो माझ्याकडे बघत राहिला.

४ ऑगस्ट
मेस्ताचा दोनदा फोन. उद्या सकाळी येतो, पट्ट्या आणू की घासायचं मशीन, तेवढं सांगा.

ह्यांचं बरोबर आहे, मला कळतं. पण यंदा घासल्यावर नवं चित्र येणार नाही. हे त्यांनाही कळतं. दोघांनी अजून तोंडातून काढलेलं नाही.

आंघोळ घालताना विचारलं, "सांगलंस मेस्ताक?"

सांगते म्हटलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पाणी गार होईपर्यंत सोडलं नाही.

फोन अजून केलेला नाही.