काजळीतली मूठ

॥ श्री ॥
अहमदपूर, ता. १२ जानेवारी १९८३

चि. सौ. जगदेवीस माणिकप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कावीळ उतरली पण दाजींच्या अंगात ताकद न्हाई, नांदेडच्या डॉक्टरनं लिव्हरचं नाव घेतलं, हे वाचल्यापासून तुझ्या वहिनीचा जीव थाऱ्यावर न्हाई. जंगल खात्याचे राउंड साहेब होळीपर्यंत जागा राखतो म्हणाले, तेवढी मेहेरबानी. म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून जंगलात जो मोकळा पट्टा तोडतात, ती जाळरेषा तोडायला दाजी होळीला उभे पाहिजेत, न्हाईतर हजेरीवरचं नाव कटलं. जुना कोयता त्यांना जड होतो, हलका सुरा पाहिजे म्हणतेस. जिम्मा माझा.

सोबत लाकडाचा सुरा पाठवलाय, हसू नको. लोखंडाला हात लावायच्या आधी आपल्या घरात लाकूड फिरतं, तुला माहीत हाय. चिमणीची काजळी दाजींच्या तळहाताला फासायची, मूठ करकचून आवळायला सांगायची, नि दोन्ही टोकं खोक्यात अडकवून लाकूड परत करायचं. कुठं जोर पडतो, कुठं सुटतो, ते ठशावरून बघून मूठ तासतो. आप्पांची रीत तीच. सुरा धन्याच्या हाती पडला की लाकूड भट्टीत, एकाच्या लाकडावर दुसऱ्याचं हत्यार करायचं न्हाई.

इकडं पेरणीच न्हाई तर फाळ पाजवायला कोण येणार? रोजगार हमीचे टिकाव-पहारी तेवढ्या येतात. लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादची पायपीट गेली, पण आड कोरडा तो कोरडाच. दाजींना म्हणावं, मेहुण्याच्या हातचा सुरा फुकट मिळून राहिला, आता तरी उठा.

आड आटला, माया आटू देऊ नको.
तुझा अण्णा


किनवट, ता. २४ जानेवारी

ती. माणिकप्पा अण्णांस जगदेवीचा शरणार्थ. वि. वि.

गुलाम रसूल ड्रायव्हरांनी नांदेडला किनवटच्या गाडीत ठेवलेलं खोकं नीट मिळालं. काजळी फासताना ह्यांनी लई चिडवलं. म्हणाले, लग्नात तुझ्या भावानं पाय धुतले, आता हात काळे करून राहिला. मग मूठ धरली. धरताना ओठ आवळले ते मी पाहिलं.

ह्यांचं म्हणणं, पातं लांब आहे, टोक खाली ओढतं. वीतभर नि वर दोन बोटं, बस. पोट जरा फुगवा. वजन पोटात राहिलं की वेल एका घावात तुटते, मनगटाला त्रास कमी. आणि मूठ बारीक करा. मी म्हटलं, बारीक कशाला, कुऱ्हाडीचा दांडा तुमच्या हातात काडीसारखा दिसायचा. तर म्हणाले, दिसायचा, हे बरोबर बोललीस. मला तिथं बसवेना, मागच्या दारी जाऊन रडून घेतलं.

भाकर अर्धी जाते. पोट सुजलंय नि हातपाय वाळून चाललेत. तरी सकाळी खाट दारात ओढायला लावतात आणि डोंगराकडे बघत बसतात. बसवंत जंगलात गेला की बरा होणार, असं शेजारची चतुराबाईसुद्धा म्हणते. सुरा लवकर करा, अण्णा. सुरा आला की हे उठतील, मी तेवढंच धरून बसले आहे.

वहिनींना शरणार्थ. आठवण असू द्या.
तुमची जगदेवी


अहमदपूर, ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाकूड पोचलं. अंगठ्याचा ठसा झकास उठलाय. साग पाडताना मोडलेला तो तिरका अंगठा मी लाखात ओळखीन. पण करंगळीचा ठसाच न्हाई, नि शेजारचं बोट नुसतं टेकल्यासारखं. तोडायच्या हत्याराची सारी पकड मागच्या दोन बोटांवर असती बाई. ती सुटली की सुरा उडतो नि नडगीत बसतो. म्हणून दुसरं लाकूड केलंय. मूठ बारीक, शेवटाला करंगळी अडकायला आकडा, पातं दाजींनी सांगितलं तेवढंच. परत काजळी लावून पाठव.

ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा लातूरच्या भंगारातून आणलाय, लोखंड एक नंबर. पण लाल पातं सोडायला घागरभर पाणी पाहिजे, नि इथं टँकर येईल तेव्हा येतो. तुझ्या वहिनीनं एक घागर कोपऱ्यात झाकून ठेवलीय नि मला ताकीद दिलीय की परत मागायचं न्हाई. तवा काय घोळ घालायचा तो लाकडातच घालू. सुरा एकच होणार.

आणखी एक. लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या निघून राहिल्यात, रखवालदार लागतील म्हणतात. दाजींना घेऊन इकडंच ये. खुर्चीवर बसायचं काम हाय.

उत्तराला उशीर लावू नको, मी बेजार होतो.
तुझा अण्णा


किनवट, ता. २० फेब्रुवारी

ती. अण्णांस शरणार्थ. वि. वि.

शिवरात्र झाली. ह्यांनी उपासही धरला, जेवत नाहीत त्याला उपास म्हणायचं तर. पण परवा तुमचं लाकूड आलं नि माणूस उठून बसला! काजळी मीच लावतो म्हणाले. माझा हात ओढून आधी मलाच काळं केलं, धर म्हणाले, जोरात धर, समोर वेल आहे समज. किती दिवसांनी असे हसले. मी धरलं, आकड्यात करंगळीही घातली. मग मला चहा ठेवायला पाठवलं आणि खोकं स्वतः बांधलं. मला बघूही दिलं नाही. माझ्या मागं त्यांनीही धरलंच असणार. बघा, ह्या वेळी पाचही बोटं उठली असतील.

लातूरचं विचारलं. म्हणाले, तिथं मी राखू काय, साहेबाची खुर्ची? त्यांना जंगलच पाहिजे. आता सुरा घडवाच.

तुमच्यावर भार टाकून निवांत झालेली,
जगदेवी


अहमदपूर, ता. ६ मार्च

चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

खोकं उघडलं नि लाकूड दारातल्या उजेडात धरलं. पाचही बोटं उठलीत, करंगळीसकट. पण अंगठा सरळ हाय नि मूठ लहान. दुसऱ्या कुणाचा हात त्याच्यावर पडलेलाच न्हाई. ही मूठ तुझी हाय, जगदेवी. लहानपणी माझ्याबरोबर भाता ओढायचीस, ती मूठ मी विसरेन व्हय?

दाजींनी हे हसण्यावारी केलेलं न्हाई. काय करावं ते लई दिवस कळेना. दोनदा भट्टी पेटवली नि विझवली. पाणी एकदाच्याच पुरतं. शेवटी दाजींचं म्हणणं मानलं. सुरा तुझ्या मुठीचा केलाय. पातं वीतभर नि दोन बोटं, पाठ जाड, पोट फुगीर, तोल मुठीच्या पुढं एक बोट. माझ्या हातून असा सुरा आजवर झाला नव्हता. सोबत पाठवून राहिलो.

शिव्या द्यायच्या तर दे, पण सुरा ठेवून घे.
अण्णा


किनवट, ता. १५ मार्च

अण्णास,

सुरा पोचला. मी त्याला हात लावलेला नाही, फडक्यासकट फळीवर फेकलाय. तू लोहार आहेस की यम? माणूस खाटेवर श्वास घेऊन राहिला, आणि तू त्याच्या हातातलं काढून माझ्या हातात दिलंस!

ह्यांना विचारलं. भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, राउंड साहेबांकडे निरोप कधीच गेलाय, होळीपासून हजेरीवर बायकोचं नाव लावा म्हणून. आणि वर म्हणाले, माणिकप्पाला काही बोलू नको. तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत. मी उठतील उठतील म्हणून लापशी करत बसले, आणि घरात मी एकटीच वेडी होते.

मला दुसरा सुरा पाहिजे. पहिल्या लाकडाचा, मोठ्या मुठीचा. त्यांच्या हातात नाही राहिला तर उशाशी राहील. पाणी नसेल तर पैनगंगेच्या डबक्यातून घागर भरून गाडीत ठेवते. पण तो सुरा करच.

जगदेवी


किनवट, ता. १४ एप्रिल

ती. अण्णांस जगदेवीचा शरणार्थ.

तुम्ही मातीला येऊन गेलात तेव्हा आपलं बोलणं झालं नाही. मला बोलायचंच नव्हतं. वहिनी थांबल्या म्हणून दोन घास पोटात गेले.

सोमवारपासून कामावर जाते. वणवे लागून राहिलेत, जाळरेषा पुन्हापुन्हा साफ करावी लागते. ह्यांच्या बरोबरचे लोक मला पुढं चालू देतात. सुरा फळीवरून काढला. तुम्ही विचारणार नाही म्हणून मीच लिहिते. हातात बसला. करंगळी आकड्यात बरोबर जाते, टोक ओढत नाही, वेल एका घावात तुटते. हाताला फोडसुद्धा आला नाही. त्याचाच राग येतो, अण्णा. एखादी खोट निघाली असती तर त्यांना नि तुम्हाला चुकलात म्हणून सांगितलं असतं.

मोठ्या मुठीचा सुरा आता मागत नाही. पण त्यांनी धरलेलं ते पहिलं लाकूड आहे का? भट्टीत गेलं असेल तर तसं लिहू नका. नुसती खुशाली कळवा, मी समजून घेईन.

मागचं पत्र मनावर घेऊ नका. मला आता भांडायला तुम्हीच उरलात.
जगदेवी


अहमदपूर, ता. २२ एप्रिल

चि. जगदेवीस माणिकप्पाचे अनेक आशीर्वाद.

सवयीनं आधी सौ. लिहून बसलो. तो कागद टाकला नि हा दुसरा घेतला.

लाकूड हाय. आप्पांची रीत काय, सुरा धन्याच्या हाती पडला की लाकूड भट्टीत. तुझं गेलं. दाजींचा सुरा झालाच न्हाई, मग त्यांचं जाळू कसं? भात्यावरच्या फळीवर ठेवलंय, कुणाला हात लावू दिला न्हाई. त्याच खोक्यात दोन्ही टोकं अडकवून देतो. गुलाम रसूलभाई म्हणाले, आपल्या सीटमागं ठेवून नेतो, हलू देणार न्हाई.

एकच सांगतो. काजळी कच्ची हाय. बाकीची बोटं फिकी झालीत, तिरका अंगठा तेवढा अजून ठळक हाय. तू मूठ धरलीस की तो पुसला जाईल नि तुझाच हात उठेल. नुसतं बघायचं की एकदा धरायचं, ते तुझं तू ठरव.

भांडत जा. मी हाय.
तुझा अण्णा