लाल पट्टी

नाशिक

अंजलीवहिनी,

परवा निफाडला तुमच्या हातचा चहा पिऊन आलो, पण खरं बोललो नाही.

विमानाच्या पंखाच्या झडपेत हात घालण्याआधी ती हलवणाऱ्या कॉकपिटमधल्या बटणाला, कुणी ते दाबू नये म्हणून, लाल पट्टी बांधायची असते. त्या दिवशी तुमच्या संघर्षनं विचारलं होतं, "सर, बांधू का?" मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम, राहू दे." आत बसलेल्यानं बटण दाबलं आणि झडपेत संघर्षचा हात गेला. चौकशीत तो म्हणाला, "मीच विसरलो." त्याखाली मी सही केली.

आज माझ्या हाताखालच्या हर्षालीला पट्टी बांधायला सांगितलं. ती म्हणाली, "सर, आजवर तुम्ही कधी बांधू दिलीत?" आणि तिनं झडपेत हात घातला. मी धावत जाऊन बटणापाशी उभा राहिलो. वहिनी, रोज किती बटणांपाशी उभा राहू?

तुमच्या दारात पुन्हा यायची हिंमत नसलेला,
रविराज